बर्फावरची काटकसर

कॅनडातील क्वेबेकच्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात दगावला. बर्फाने रस्ते बंद, रुग्णालय गाठता आले नाही. त्यांच्याच कंपनीने १९५९ साली ‘स्की-डू’ ही हलकी बर्फगाडी बाजारात आणली. अशा गाडीने माणसाला आधी सुखरूप घरी आणावे. म्हणूनच जुन्या टू-स्ट्रोक बर्फगाडीचे मायलेज वाढविण्यासाठी कार्बोरेटरचे जेट लहान करणे मला मुळीच पटत नाही.

आपल्याकडे स्कूटरचा स्क्रू आवळून ‘ॲव्हरेज’ वाढवीत. फार तर गाडी ढकलत घरी यावे लागे. बर्फात ढकलणार कोण? थंड हवा दाट, तिला पेट्रोल अधिकच लागते. उणे पाच अंशांना जुळलेले जेट उणे तीसला अपुरे पडते. इंधन कमी, त्यात मिसळलेले तेलही कमी. पिस्टन तापतो, जाम होतो, प्रसंगी वितळतो. (उंच डोंगरावर हवा विरळ, तेथे मात्र जेट लहानच हवे.)

पेट्रोल वाचवायचेच, तर आधी खालचा पट्टा पाहावा. फार ताणलेला पट्टा इंजिनाची ताकद खातो, सैल पट्टा दाते सोडतो. क्लचचा झिजलेला बेल्ट बदलला, तर वेगही परत मिळतो आणि जेटला हात लावावा लागत नाही.