भिंत देवाची, नाव कोणाचे?

मंदिराच्या जीर्णोद्धाराचा ठराव झाला की पहिला खर्च संगमरवराचा आणि दुसरा देणगीदारांच्या नामफलकाचा. भिंतीवर चित्र हवेच असेल, तर छापील नमुना पुढे ठेवून ते उतरवून घेतले जाते. ज्याच्या हातून ते उतरते, त्याचे नाव मात्र कोठेच राहत नाही. पांढुर्णा-सौंसरच्या आपल्या मुलखात गोंड समाज पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आला आहे. त्याच्यातील चित्रकाराला ही भिंत का देऊ नये, असे विचारावे, तर उत्तर ठरलेले: "तो शिकलेला नाही."

दिंडोरी जिल्ह्यातील पाटनगढचा जनगढसिंह श्याम तरी कोणत्या कलाशाळेत गेला होता? बाण्याच्या साथीने देवांची गाणी गाणाऱ्या परधान कुळात तो वाढला. तीच त्याची शाळा. 1982 साली उघडलेल्या भारत भवनासाठी कलावंत शोधणाऱ्या जगदीश स्वामिनाथन यांच्या मंडळींना त्याचा हात दिसला, आणि पुढे भोपाळच्या विधानभवनाची भिंतही त्याने रंगविली.

दूर हैती देशात, पोर्ट-ओ-प्रिन्सच्या होली ट्रिनिटी कॅथेड्रलने 1950-51 साली अशाच स्वयंशिक्षित चित्रकारांना आपल्या भिंती दिल्या. त्यांनी बायबलातील प्रसंग आपल्याच माणसांच्या रूपात रंगविले. त्याने धर्म बुडाला नाही. उलट 2010 च्या भूकंपात ती वास्तू कोसळली, तेव्हा वाचलेली तीन चित्रे तज्ज्ञांनी जिवापाड जपून उतरविली.

आणि आपण? सावता माळ्याचा अभंग गाताना आपण त्याचे प्रमाणपत्र मागत नाही. मग रंगाच्या हातालाच ही अट कोठून आली?

कोणी म्हणेल, मजुरी दिली, आता नावाचा हट्ट कशाला? कायदा असे म्हणत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 प्रमाणे, हक्क विकल्यानंतरही कृती आपली असल्याचे सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. अमरनाथ सहगल यांचे विज्ञान भवनातील भित्तिशिल्प सरकारने 1979 साली काढून टाकले. 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष परत करावयास आणि पाच लाख रुपये भरपाई द्यावयास लावले.

तेव्हा विश्वस्तहो, पुढील ठरावात दोन कलमे घाला: एक भिंत याच मातीतल्या हाताला, आणि त्या हाताचे नाव देणगीदारांच्याच फलकावर, त्याच आकाराच्या अक्षरांत. पैसा देणारा दाता असेल, तर आयुष्याची विद्या देणारा कोण?