दात ‘मेला’ म्हणून उपटून टाकू नका!

आठ-नऊ वर्षांचं मूल सायकलवरून पडतं आणि पुढच्या दाताला मार बसतो. रक्त थांबतं, सगळे विसरतात. काही महिन्यांनी दात काळपट दिसतो, हिरडीवर पुळी येते. मग खांब-कोलाड असो की पेण-रोहा, सल्ला एकच: ‘दात मेलाय, काढून टाका.’ या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे.

वरचे पुढचे कायमचे दात ७-८ व्या वर्षी येतात, पण त्यांचं मूळ पूर्ण व्हायला पुढे साधारण ३ वर्षं लागतात. तोवर मुळाच्या भिंती पातळ आणि टोक उघडं असतं. या काळात दाताची नस मेली, तर मुळाची वाढ थांबते. तळ उघडा असल्यामुळे नेहमीचं रूट कॅनाल तिथे नीट होत नाही. पण म्हणून उपायच नाही, असं मुळीच नाही.

१९६० च्या दशकापासून कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून हे टोक बंद करतात. त्याला अनेक महिने लागतात आणि ते फार काळ ठेवल्यास मूळ ठिसूळ होऊ शकतं. १९९० च्या दशकात एमटीए हा सिमेंटसारखा पदार्थ आला. त्याने एक-दोन भेटींत टोकाला बूच बसवता येतं. तिसरा मार्ग म्हणजे आतला भाग जंतुमुक्त करून टोकाकडून आत रक्त येऊ देणं. त्यामुळे काही मुलांत मूळ पुन्हा वाढतं. यश दरवेळी मिळत नाही, पण दात काढल्यावर संधीच उरत नाही.

‘नंतर इम्प्लांट बसवू’ असं म्हणाल, तर तो जबड्याची वाढ पूर्ण झाल्यावरच बसवतात. तोवर दाताच्या जागचं हाड झिजतं आणि ऐन शाळेच्या वयात मूल तोंडावर हात ठेवून हसतं.

पुळीवर पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक देणंही चूक आहे. मेलेल्या नसेत रक्त जात नाही, मग औषध तिथे पोहोचणार कसं? पुळी बसते, जंतू आतच राहतात.

म्हणून दाताला मार लागला की दुखत नसलं तरी त्याच आठवड्यात एक्स-रे काढा आणि पुढे ठरल्या वेळी तपासणी करा. दात काढा म्हटलं, तर ‘मूळ पूर्ण झालंय का? दात वाचवता येईल का?’ असं स्पष्ट विचारा. जवळपास सोय नसेल, तर मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा नायर दंत रुग्णालयात मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. दोन-चार फेऱ्या पडतील, पण कायमचा दात पुन्हा येत नाही.