बाळाचं डोकं आणि आमची अक्कल

मंडळी, कोल्हापूरकराला "हेल्मेट घाल" म्हटलं की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. सक्तीची नुसती कुणकुण लागली तरी कट्ट्याकट्ट्यावर सभा भरते. आणि हीच माणसं पाच महिन्यांच्या नातवाच्या डोक्यावर दिवसाचे २३ तास हेल्मेट चढवायला लाख-दीड लाख रुपये बाजूला काढून ठेवतात! ऐकीव गोष्ट नाही ही. आमच्या घरात घडता घडता राहिली. सूनबाईंची परवानगी घेऊन लिहिते आहे, तेव्हा नातेवाईक मंडळींनी लगेच पुण्याला फोन लावू नयेत.

आधी माझा गुन्हा कबूल करते, म्हणजे पुढे दुसऱ्यांवर तोंडसुख घ्यायला मोकळी.

नातू झाला तेव्हा मी लक्ष्मीपुरीतून अर्धा किलो मोहरी आणली, निवडली, उन्हात घातली. माझी जुनी सुती साडी धुवून धुवून मऊ झालेली होती, तिची खोळ शिवली आणि मोहरीची उशी करून बारशाला घेऊन गेले. आमच्या आईनं मला दिली होती, तिला तिच्या आईनं. बाळाचं डोकं गोल बसतं म्हणतात. सूनबाई हळूच म्हणाल्या, "आई, डॉक्टर म्हणालेत उशी नको." मी काय म्हणाले असेन? हेच की आम्ही काय पोरं वाढवली नाहीत का. ३३ वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला कोण उलट बोलणार? उशी बाळाच्या डोक्याखाली गेली.

चौथ्या महिन्यात डोकं मागून उजव्या बाजूला चपटं दिसायला लागलं. मग काय विचारता. जो येतो तो बाळाकडे नंतर बघतो, आधी डोक्याकडे. "डोकं बसवलं नाही का गं?" "न्हाऊ घालायला बाई लावली नव्हती?" "आत्ताच दाबून घे, नंतर हाड घट्ट झालं की गेलं." हे सगळं कोणाला उद्देशून? बाळाच्या आईला. बाप शेजारीच बसलेला असतो, पण डोकं बसवणं हे त्याचं खातं नव्हे. चार महिने धड झोप न झालेली ती पोर, ऑफिसात जायची वेळ जवळ आलेली, आणि वर हे. एकदा ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी पाहिलं, आणि तेव्हाही मनात म्हटलं, उशी नीट वापरली नसेल हिनं! (माझी ही बाजू फारशी कुणाला माहीत नव्हती. आता झाली.)

मग मुलानं मोबाईलवर शोध घेतला. चपट्या डोक्याला प्लेजिओसेफली असं भारदस्त नाव आहे. मूळ ग्रीक आहे, आणि अर्थ आहे तिरकं डोकं, इतकाच. पण नाव मिळालं की रोग झाला, आणि रोग झाला की दुकान आलंच. एका ठिकाणी नातवाच्या डोक्याचं यंत्रानं चित्र काढलं. पडद्यावर बिचाऱ्याचं डोकं, अर्धं हिरवं आणि अर्धं लालभडक. समोरचा म्हणाला की खिडकी बंद होत चालली आहे, दोन आठवड्यांत ठरवा. मुलगा घरी येऊन कर्जाचे हप्ते मांडायला बसला. बाळाच्या मानेला त्या माणसानं हातसुद्धा लावला नव्हता, हे मला नंतर कळलं. त्याच्याकडे मी पुन्हा येते.

खिडकीचं म्हणणं अगदीच खोटं नाही. जन्मतः बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटीमीटर असतो आणि वर्षाचं होईपर्यंत ४६ च्या आसपास जातो. त्यातली निम्मी वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जाते. कवटीची हाडं सुटी असतात म्हणून आकार बदलतो. हेल्मेट डोकं दाबत नाही, फुगीर बाजूला अडवतं आणि चपट्या बाजूला जागा मोकळी ठेवतं. वाढ मंदावली की त्याचा उपयोग संपत जातो. अमेरिकेतल्या सरकारी खात्यानं या हेल्मेटांना परवानगी दिली आहे ती ३ ते १८ महिन्यांच्या बाळांसाठी. त्यामुळे दोन वर्षांच्या दुडदुडणाऱ्या पोराला कुणी हेल्मेट विकायला आलं, तर त्याला दारातूनच नमस्कार करावा.

पण हेल्मेट घातलं नाही तर काय होतं? हा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही. नेदरलँड्समधल्या लोकांनी विचारला. त्यांनी मध्यम ते बऱ्यापैकी चपट्या डोक्याची पाच-सहा महिन्यांची ८४ बाळं घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, ४२ बाळांना सहा महिने हेल्मेट, ४२ ना काहीच नाही. दोन वर्षांची झाल्यावर डोकी मोजली. हेल्मेटवाल्यांतली २६ टक्के पूर्ण बरी, आणि काहीच न केलेल्यांतली २३ टक्के. बाकीच्यांचीही सुधारणा दोन्हीकडे जवळपास सारखीच. २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे छापून आलं. हेल्मेटवाल्या प्रत्येक आईबापांनी काही ना काही त्रास झाल्याचं सांगितलं. ९६ टक्के बाळांच्या कातडीला त्रास, शिवाय घाम, वास. आणि ७७ टक्के आईबाप म्हणाले की बाळाला जवळ घेऊन कुरवाळता येत नव्हतं. नेदरलँड्सच्या हवेत ही तऱ्हा. आमच्या एप्रिल-मे महिन्यात काय होईल? कुंचीसुद्धा दुपारी काढून ठेवतो आपण.

मला कुणी एकांगी म्हणू नये म्हणून दुसरी बाजूही सांगते. त्या अभ्यासात फारच वेड्यावाकड्या डोक्याची बाळं घेतली नव्हती, मान आखडलेलीही नव्हती. हेल्मेटं नीट बसत नव्हती असा आक्षेपही घेतला गेला. अमेरिकेतल्या मेंदूच्या शल्यचिकित्सकांच्या संघटनेनं २०१६ साली सांगितलं की बाकीचे उपाय करूनही मध्यम ते तीव्र चपटेपणा राहिला, तर हेल्मेट सुचवायला हरकत नाही. हरकत माझीही नाही. बाळाला नीट तपासलेल्या, आणि हेल्मेट विकण्यात ज्याचा पैशाचा संबंध नाही अशा डॉक्टरनं सांगितलं तर जरूर घाला. माझं भांडण लाल-हिरवं चित्र दाखवून आईला घाबरवणाऱ्यांशी आहे. "मेंदूची वाढ खुंटेल" हे वाक्य तर सर्रास पेरलं जातं. चपट्या डोक्यामुळे मेंदू खुंटतो असं सिद्ध झालेलं नाही. उलट काही बाळं मुळातच कमी हालचाल करतात, एकाच अंगावर पडून राहतात, म्हणून त्यांचं डोकं चपटं होतं. अशा वेळी लक्ष हालचालीकडे द्यायला हवं.

आणि हे चपटेपण इतकं दुर्मीळ आहे का? कॅनडात कॅल्गरीला सात ते बारा आठवड्यांची ४४० बाळं तपासली, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांची डोकी कुठे ना कुठे चपटी निघाली. बाळ उताणं झोपवा असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी १९९२ पासून सांगायला सुरुवात केली. झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण तिथे पुढच्या दहा वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. डोकी चपटी व्हायचं प्रमाण मात्र वाढलं. जीव वाचला आणि डोकं थोडं चपटं झालं! यात रडण्यासारखं काय आहे?

याच कारणासाठी उशी वाईट. माझी मोहरीची उशीसुद्धा. लहान बाळाच्या झोपायच्या जागेत उशी नकोच, तोंड दबून श्वास कोंडू शकतो. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या त्याच सरकारी खात्यानं डोकं गोल करायच्या उशा वापरू नका असा इशारा दिला. मुलानं तो वाचून दाखवला त्या रात्री मला झोप लागली नाही. आईनं दिली, आजीनं दिली, सगळं खरं. पण ज्यांची बाळं दगावली त्यांच्या उशीबद्दल कोण सांगत बसलं असेल? तेव्हा बाळं जायचीच, आणि कशानं गेलं ते विचारायची पद्धत नव्हती.

आता त्या मानेकडे येते. माझी एक जुनी विद्यार्थिनी इथे लहान मुलांना तपासते. सुटीला नातू कोल्हापूरला आला तेव्हा सहज नेलं. तिनं डोक्याकडे फार वेळ पाहिलंच नाही. मानेवर बोटं फिरवली, खुळखुळा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला नेला आणि म्हणाली, "बाई, हा डावीकडे मान वळवतच नाही." मानेचा एका बाजूचा स्नायू आखूड होता. म्हणून तो कायम उजवीकडेच बघायचा, तिकडेच टेकायचा, आणि तेवढंच डोकं चपटं. कवटीचे सांधे अवेळी जुळले असतील तर प्रकार वेगळा, तिथे शस्त्रक्रिया लागते, तेही तिनं तपासून नाही म्हणून सांगितलं. म्हणजे चार महिने आम्ही सगळे डोक्याशी झटत होतो, आणि दुखणं मानेत! उशीनं ते झाकून ठेवलं होतं आणि हेल्मेटनंही झाकलंच असतं.

उपाय काय सांगितले? मानेचे व्यायाम, ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यायचे. पाळण्यात डोकं-पाय अदलाबदल करायचं, म्हणजे खिडकीकडे बघायला मान दुसरीकडे वळेल. आणि जागेपणी, आपण समोर बसलेले असताना, दिवसातून चार-पाच वेळा पालथं घालायचं. फी किती? माझ्याकडून घेतली नाही, पण घेतली असती तरी त्या हेल्मेटच्या पट्ट्याची किंमतसुद्धा झाली नसती.

पालथं घालायचं ऐकून मला न्हाऊ घालणाऱ्या मावशी आठवल्या. पाय लांब करून पाटावर बसायच्या आणि नडग्यांवर बाळाला पालथं घालून अर्धा तास पाठ चोळायच्या. बाळ मान उचलून बोंबलायचं. जागेपणचं पालथं झोपणं ते हेच की! उरलेला दिवस बाळ कुणाच्या तरी कडेवर किंवा खांद्यावर. त्याच मावशी शेवटी दोन्ही तळव्यांत डोकं धरून दाबायच्या, नाक ओढायच्या, त्याचा काडीचा उपयोग नव्हता. आम्ही नेमकं काय टिकवलं बघा. चोळणाऱ्या मावशी गेल्या, कडेवर घेणारी माणसं गेली, बाळ गाडीतल्या खुर्चीत नाहीतर झुल्यात उताणं. आणि डोकं दाबणं, उशी आणि आईला बोल लावणं मात्र जसंच्या तसं जपलं. परंपरेतला दाणा टाकून फोलपट ठेवलं.

वर्गात वह्या तपासत फिरताना मुलांची डोकी मागूनच दिसतात. शिवाय उन्हाळ्यात निम्मी पोरं चकोट करून यायची. चपटी, लांबट, एका बाजूला कललेली, सगळ्या तऱ्हेची डोकी मी पाहिली. त्यावरून कुणाला वृत्तं लवकर कळतील ते मला कधी सांगता आलं नाही. आणि गंगावेशीत जाऊन बघा, मोडलेला कान मिरवत पैलवान चालतो, लोक वळून बघतात, आदरानं! कान मोडला तर भूषण, आणि पाळण्यातल्या लेकराचं डोकं जरा चपटं तर घराण्याची अब्रू गेली?

नातू आता सव्वा वर्षाचा आहे. मान दोन्हीकडे वळते. डोकं मागून उजवीकडे अजून किंचित चपटं आहे. जोतिबाला जावळ काढलं तेव्हा स्पष्ट दिसलं आणि एक आत्याबाई बोलल्याच. या वेळी सूनबाईंच्या आधी मी उत्तर दिलं. काय दिलं ते इथे लिहीत नाही, आत्याबाई हे वाचतात.

उशी उसवली. आणि परवा धाकट्या जाऊबाईंचा इचलकरंजीहून फोन आला, त्यांच्या नातीचे दिवस भरत आलेत, "वहिनी, तुमच्या हातची मोहरीची उशी पाहिजे." नाही म्हणाले. त्या जरा नाराज झाल्या आहेत. दुपटी मात्र सहा शिवून ठेवली आहेत, रविवारी कुणी तिकडे जाणार असेल तर घेऊन जा.