राणीचं नाव, अम्मीचं नाव

मतदार यादीचं काम आम्हा शिक्षकांच्या पाचवीला पुजलेलं. मागच्या फेरीत एका मोहल्ल्यात गेले होते. दारात सत्तरीतल्या एक खाला बसल्या होत्या. नाव विचारलं तर त्यांनी नातवाकडे पाहिलं. तो म्हणाला, "टीचर, आम्ही सगळे दादीच म्हणतो. यादीत काय आहे बघा ना." यादीत नुसतं 'बी' होतं आणि पुढे नवऱ्याचं नाव.

त्याच महिन्यात मुलांची सहल चांदबीबी महालावर नेली. खरं तर ती सलाबतखानाची कबर. पण नगरच्या लोकांनी ती वास्तू कधीच चांदबीबीच्या नावे करून टाकली आहे. राणीला दुसऱ्याच्या कबरीवरही नाव मिळतं आणि आमच्या खालांना स्वतःच्या ओळखपत्रावरही नाही. हा विचार काही डोक्यातून जाईना.

आपण सभांमधून रझिया सुलताना, चांदबीबी यांची नावं अभिमानाने घेतो. घ्यावीतच. 1595-96 मध्ये मुघल फौजेसमोर नगरचा किल्ला लढवणं सोपं नव्हतं. याच जिल्ह्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंनी पुढे माळव्याचा कारभार जवळपास 28 वर्षं सांभाळला. पण एक बाई गादीवर बसली म्हणून सगळ्या बायकांना आवाज मिळतो, असं इतिहास सांगत नाही. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने 63 वर्षं राज्य केलं आणि स्त्रियांच्या हक्कांच्या चळवळीला विरोधच केला.

गंमत अशी की तिचीच मानसकन्या, महाराजा रणजितसिंहांची नात सोफिया दुलीपसिंग, लंडनमध्ये राजवाड्याबाहेर उभी राहून मताधिकाराचं वर्तमानपत्र विकत असे. 1911 साली काश्मीरमध्ये तिची भेट मुंबईच्या हेराबाई टाटांशी झाली आणि हेराबाई या कामात पडल्या. डिसेंबर 1917 मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं शिष्टमंडळ मद्रासला माँटेग्यूंना भेटलं. त्यात बेगम हसरत मोहानीही होत्या. 1919 साली हेराबाई मुलगी मिठनसह लंडनला जाऊन बाजू मांडून आल्या. इकडे रमाबाई रानडेंनीही हा प्रश्न लावून धरला. 1921 मध्ये मुंबई इलाख्यात स्त्रियांना मत मिळालं, पण मालमत्तेची अट होतीच. म्हणजे आमच्या खालांच्या आजीला ते मिळालं नसणार.

सरसकट हक्क दिला तो संविधानाने. राणी असो की मोलकरीण, एकच मत. तरीही पहिल्या निवडणुकीच्या वेळी सुमारे 28 लाख स्त्रियांची नावं यादीतून गळाली, विशेषतः उत्तरेकडच्या राज्यांत. कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं होतं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत, असं ठरवलं. तेव्हा ते कठोर वाटलं असेल, पण मला ते योग्यच वाटतं.

आता काही जण म्हणतील, हल्ली आपल्या बायका रांगा लावून मतदान करतात. करतात. पण आदल्या रात्री "कुणाला द्यायचं" हे घरात कोण सांगतं? सरपंचाची खुर्ची बाईची आणि सही-शिक्क्याचा कारभार नवऱ्याचा, हे कुठल्या एका समाजाचं दुखणं नाही. पण म्हणून आपण आपल्या घराकडे पाहायचं नाही असं थोडंच आहे?

माझं म्हणणं साधं आहे. आज घरातली ओळखपत्रं काढून बघा. अम्मीचं, दादीचं, सुनेचं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे तसं, आधारवर आहे तसं लिहिलंय का? चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज भरा. सध्या कागदपत्रांच्या तपासण्या सुरू असताना एका अक्षराच्या फरकाने माणूस हेलपाटे घालतो, आणि त्यात बायका जास्त अडकतात. आणि मतदानाच्या आदल्या रात्री तिला काही सांगू नका, विचारा. तिनं उत्तर दिलं नाही, तर तोही तिचा हक्क आहे. मत गुप्त असतं, घरातल्यांपासूनही.

खालांनी शेवटी नाव सांगितलं. नातवाने ते पहिल्यांदाच ऐकलं होतं.