उपयोग काय?

आपल्याकडे एखाद्या चांगल्या गोष्टीचा गळा घोटायचा असेल, तर तलवार उपसावी लागत नाही, “पण त्याचा उपयोग काय?” एवढे विचारले की पुरते. विचारणारा स्वतःला व्यवहारी समजतो आणि ऐकणारा निष्कारण ओशाळतो. मी ओशाळायचे नाकारते. मी पन्नाशीला टेकलेली बाई आहे, नोकरी करते, संसार करते, आणि रविवारी पहाटे जाड टायरांची सायकल घेऊन पुण्याच्या टेकड्या चढते. ह्या अपराधाबद्दल मला जे प्रश्न विचारले जातात, त्यांना एकदाच जाहीर उत्तर द्यावे म्हणून हा प्रपंच.

“रस्ते काय संपले?” हा पहिला प्रश्न. रस्ते संपलेले नाहीत. पण रस्ता कोठेतरी पोहोचण्यासाठी असतो आणि मला कोठेच पोहोचायचे नसते. डोंगरवाटेवरची सायकल ही निराळीच विद्या आहे. टायर दोन इंचांहून रुंद आणि त्यात हवा मुद्दाम कमी, म्हणजे ते दगडाला धरून चालते. चढावर गिअर इतका हलका करावा लागतो की पाय भराभर फिरतात आणि सायकल मुंगीसारखी सरकते. तरीही खडा चढ आला की निमूटपणे उतरून ढकलावी लागते. उतारावर सीटवरून उठायचे, गुडघे-कोपरे सैल सोडायचे आणि डोळे दगडावर न ठेवता वाटेवर ठेवायचे. कारण ज्या दगडाकडे पाहाल त्याच्यावरच चाक जाते! घरी आल्यावर चिखल धुणे, साखळी पुसून तिला तेल देणे, टायरात रुतलेला बाभळीचा काटा शोधणे हे आहेच. मिळकत म्हणाल तर शून्य.

दुसरा प्रश्न, “बाईमाणसाने, ह्या वयात?” आमच्या इमारतीतले पुरुष रविवारची अख्खी दुपार क्रिकेट पाहण्यात घालवतात, त्यांच्याकडे उपयोगाचा दाखला कोणी मागत नाही. बाईने मात्र दोन तास घराबाहेर काढले, तर त्यातून भाजी तरी आली पाहिजे, नाहीतर पुण्य तरी!

पण विरोधकांपेक्षा मला भीती वाटते ती कैवाऱ्यांची. “अहो, त्यांना व्यायाम होतो, साखर आटोक्यात राहते,” असे म्हणून ते माझी बाजू घेतात. होत असेल व्यायाम. पण ही कुबडी मला नको. सायकल हे औषध ठरले, तर त्याहून स्वस्त गोळी निघेल त्या दिवशी ती माळ्यावर जाईल. दिवाळी अंक काय आपण डोळ्यांना व्यायाम म्हणून वाचतो?

हा खेळ जन्मला तोच मुळी बिनउपयोगी. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन परगण्यात १९७६ साली काही तरुण जुन्यापुराण्या सायकलींवरून डोंगराच्या कच्च्या रस्त्याने खाली येण्याची शर्यत लावू लागले. पेडल उलटे दाबून लागणारे ते ब्रेक इतके तापत, की आतल्या ग्रीसचा धूर होई आणि खाली आल्यावर ते नव्याने भरावे लागे. म्हणून शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. पुढे १९९६ साली हा खेळ अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये गेला. पण ती पोरे उपयोग शोधत बसली असती, तर खेळ जन्मालाच आला नसता.

टेकडीवर फिरायला येणाऱ्यांचा एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. अंगावर येणारी सायकल कोणालाही नको. वाटेवर पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा. सायकलस्वाराने घंटी वाजवावी, थांबावे, वेळी उतरावे. वाट ओली असताना तर चाक घालूच नये, कारण त्या चाकोरीतून पाणी धावते आणि माती वाहून जाते. एवढे ज्याला पाळता येत नाही, त्याची बाजू मी घेणार नाही.

मी एवढी इरेला का पेटले आहे? कारण आज माझ्या सायकलीला विचारलेला प्रश्न उद्या टेकडीला विचारला जातो, आणि टेकडीला तोंड नसते. वेताळ टेकडीवर मोर आहेत, जुन्या दगडखाणीत साठलेले पाणी आहे, पावसात झिरपून जमिनीत मुरणारे पाणी आहे. पण नकाशावर रेघ ओढणाऱ्याला ती मोकळी जागा दिसते. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंतच्या रस्त्यासाठी हीच टेकडी हेरली गेली, तेव्हा २०२३ साली पुणेकरांना तिच्यासाठी मोर्चा काढावा लागला. त्या टेकडीची बाजू कोण घेणार? ज्याचे तिथे काही काम नसते आणि तरीही जो रोज तिथे जातो, तोच!

दिवाळीत आपली पोरे अंगणात मातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, मावळे मांडतात. त्या किल्ल्यात कोणी राहायला जात नाही. सण सरला की तो मोडतो. त्याचा उपयोग काय, असे विचारणारा बाप महाराष्ट्रात अजून निपजायचा आहे. मग तेच पोर मोठे झाले, की त्याच्या हातातली माती झाडून जमाखर्चाची वही का देता? आणि ज्यांनी ती माती सोडली नाही, त्यांची वाट तरी का अडवता?