पाच गाड्या, बस्स!

सबमिशन संपलं, ओरल झाल्या की प्रत्येक विंगमध्ये एकच विषय निघतो: राइड. कुठे जायचं यावर रात्री दोनपर्यंत भांडणं होतात. किती जणांनी जायचं यावर मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. 'जेवढे जास्त तेवढी मजा' हे आपण धरूनच चालतो. माझा आक्षेप नेमका यालाच आहे. एका ग्रुपमध्ये कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त पाच गाड्या, असं माझं स्पष्ट मत आहे. सहावी आली की दुसरा ग्रुप करा.

तीन का, ते चटकन पटेल. एक गाडी पडली तर एकाने पडलेल्याजवळ थांबायचं आणि एकाने मदत आणायला जायचं. दोनच गाड्या असतील तर यातलं एक काम राहतं. घाटात मोबाईलची रेंज गेली की हा हिशोब फारच खरा होतो.

पाचच का, यावर मात्र लोक चिडतात. म्हणून गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. आमच्या विंगच्या चौदा गाड्या ताम्हिणी घाटातून दिवेआगरला निघाल्या. शेवटची गाडी आमच्या एका मित्राची, वडिलांची जुनी स्प्लेंडर. ओल्या वळणावर खडीवरून चाक घसरलं आणि तो पडला. आम्ही पुढे माणगावला मिसळ खात होतो. कुणी म्हणालं, "तेराच गाड्या दिसतायत रे." दुसरा म्हणाला, "अरे, दोघं पेट्रोल भरायला गेलेत." तिसऱ्याने तर त्याला मघाशी पुढे जाताना पाहिलंही होतं! तब्बल पन्नास मिनिटांनी एका टेम्पोवाल्या काकांनी त्याला आणून उतरवलं तेव्हा कळलं. कॉलरबोन मोडलं होतं. डोक्याला हेल्मेट होतं म्हणून तेवढ्यावर निभावलं. चौदा जणांत बेजबाबदार कोणीच नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. मागच्याकडे कोणीतरी बघतच असेल, असं प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटत होतं. पाच गाड्या असत्या तर टपरीवर नुसती नजर फिरवून कळलं असतं.

आता आपण इंजिनिअर लोक, तर थोडं गणित. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. दोन सेकंदांचं अंतर ठेवलं तर दोन गाड्यांमध्ये ३३ मीटर. पाच गाड्यांची रांग होते सुमारे १३० मीटर, चौदांची ४३० च्या वर. घाटातल्या वळणांवर सव्वाचारशे मीटर मागचं कोणाला दिसणार? वर पुढचा जरा ब्रेक मारतो, मागचा जास्त मारतो, आणि शेवटच्याला ती तूट भरून काढायला सगळ्यात जोरात पळवावं लागतं. गंमत म्हणजे शेवटी असतो तो बहुधा सगळ्यात नवखा किंवा सगळ्यात जुन्या गाडीवाला. (त्याला दोन नंबरवर ठेवावं. लीडरला आरशात तो दिसतो आणि सगळे त्याच्या वेगाने जातात.)

अजून एक. एका गाडीला दिवसभरात पंक्चर, चेन, क्लच केबल असं काहीतरी होण्याची शक्यता ५ टक्के धरा. आकडा माझा आहे, हवा तर बदला. पाच गाड्यांचा दिवस निर्विघ्न जाण्याची शक्यता येते ७७ टक्के, चौदांची ४९. म्हणजे छापा-काटाच की! आणि एकाचं पंक्चर म्हणजे तेरा जणांचा खोळंबा.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये हिवाळ्यात बर्फावर स्नोमोबिल चालवतात. तिथल्या २०१३ च्या नियमात व्यावसायिक गाईडच्या ग्रुपला जास्तीत जास्त दहा गाड्या आणि हौशी लोकांच्या ग्रुपला पाचच. त्या नियमामागे जंगलातला आवाज, प्राणी ही कारणंही आहेत. पण त्या खेळातली एक पद्धत मला फार आवडली. समोरून कोणी आलं की आपल्या मागे अजून किती गाड्या आहेत ते बोटांनी दाखवायचं, आणि शेवटच्याने मूठ दाखवायची. एका हाताला बोटं पाचच, यातच काय ते आलं.

कोणी म्हणेल, बुलेटवाल्यांचे क्लब वीस-वीस गाड्या नेतात. नेतात. त्यांचा पुढचा आणि शेवटचा माणूस ठरलेला असतो, आणि तो शेवटचा अनुभवी असतो. आपल्याकडे लीडर म्हणजे ज्याची पल्सर सगळ्यात नवी तो.

खरी अडचण वेगळीच आहे. पाचांत कोणाला घ्यायचं? 'तू नको' म्हणणं हॉस्टेलवर फार जड जातं, आणि वगळला जातो तो गप्प बसणारा किंवा जुन्या गाडीवालाच. म्हणून मी कमी माणसं न्या असं म्हणत नाहीच. दहा गाड्या असतील तर दोन बॅच करा. अर्ध्या तासाच्या अंतराने निघा, प्रत्येकीचा लीडर वेगळा, पंक्चर किट वेगळं. जेवायला सगळे एकत्र. धिंगाणा काही कमी होत नाही, उलट जेवताना सांगायला दोन बाजूंच्या गोष्टी मिळतात.

रेक्टर सरांनाही एक विनंती. परवानगीच्या अर्जात सगळ्यांची नावं आणि पालकांचे नंबर असतात, पण कोण कोणाच्या मागे चालणार हे नसतं. एका अर्जावर पाचच गाड्या, असं केलंत तर आमची अर्धी भांडणं तिथेच मिटतील.

डिसेंबरच्या राइडची यादी मेसच्या दारावर लावली आहे. काल रात्रीपर्यंत नऊ गाड्या झाल्या होत्या. पाचव्या नावाखाली मी रेघ मारली आहे. खालच्या बॅचला लीडर हवा आहे.