कमी वाजवणं म्हणजे न येणं नव्हे

कार्डिफच्या यंग मार्बल जायंट्स या बँडबद्दल एका जाणकारांनी अलीकडे जे लिहिलं, ते वाचून गप्प बसवत नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: १९७८ साली जमला आणि १९८१ उजाडेपर्यंत फुटला, एकच अल्बम काढला, अशा बँडला इतिहासात जागा कशाला? बँडमधल्या तिघांना धड वाजवता येत नव्हतं, म्हणून ते कमी वाजवत. आणि निर्वाणा या बँडच्या कर्ट कोबेननं कौतुक केलं नसतं, तर त्यांना आज कोणी ओळखलंही नसतं.

आयुष्य मोजूनच किंमत ठरवायची असेल, तर समीक्षा विमा कंपन्यांकडे सोपवावी. कोबेनचं म्हणाल, तर गॅलक्सी ५०० या अमेरिकन बँडनं यांचं ‘फायनल डे’ हे गाणं बीबीसीवरच्या जॉन पीलच्या कार्यक्रमासाठी वाजवलं होतं. तो बँड १९९१ मध्ये मोडला, तेव्हा कोबेनला प्रसिद्धी देणारा निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ अजून यायचा होता. मग उसनी प्रसिद्धी कोणाची?

पण ‘येत नव्हतं म्हणून कमी वाजवलं’ हे वाक्य मात्र सहज सोडून देण्यासारखं नाही. त्यांचा एकमेव अल्बम ‘कोलॉसल यूथ’ १९८० साली रफ ट्रेड या लेबलनं काढला. पंधरा गाणी, वेल्समधल्या फोएल स्टुडिओत अवघ्या काही दिवसांत रेकॉर्ड केलेली. स्टुअर्ट मॉक्सहॅम गिटारवर, त्याचा भाऊ फिलिप बेसवर, गायला अ‍ॅलिसन स्टॅटन. ड्रमर नाहीच, घरगुती ड्रम मशीनचा ठेका कॅसेटवर भरून घेतलेला. आता नीट ऐका. स्टुअर्टचा उजवा तळहात तारांवर टेकलेला असतो, त्यामुळे सूर उमटतो न उमटतो तोच दबतो. गिटार अशी नुसती ठेका धरून राहते आणि चाल उचलतो तो बेस. मध्येच गिटार थांबते, तेव्हा ती जागा भरायला झांजेचा खणखणाट नाही की गिटारचा गोंगाट नाही. अशा उघड्यावर एक सूर चुकला तर लपायला आडोसा कुठे आहे? ज्याला येत नाही तो जागा भरत सुटतो. रिकामी ठेवायची छाती त्याला होत नाही. शिवाय हे तिघे त्याआधी ट्रू व्हील नावाच्या बँडमधून इतरांची गाणी वाजवत होते. भरगच्च वाजवणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. भोवती पंकचा दणदणाट असताना त्यांनी आवाज खाली आणला, तो ठरवून.

हा वाद आपल्याकडेही काही नवा नाही. तानांचा पाऊस पाडला की ‘काय तयारी आहे!’ म्हणून माना डोलतात, आणि एकाच स्वरावर थांबून राहणाऱ्याला ‘गळा फिरत नाही’ असा शेरा मिळतो. बैठकीत मी यावर अनेकदा भांडलो आहे, पुढेही भांडेन. वेग दिसतो, संयम ऐकावा लागतो; जाणकार म्हणवणाऱ्यांनी निदान एवढे कष्ट घ्यावेत.

त्याच जाणकारांनी अ‍ॅलिसनच्या आवाजाला ‘भावनाशून्य’ म्हटलंय. साफ चूक; ‘फायनल डे’च ऐका.

या बँडनं दिलं काय, याचं उत्तरही माझ्यापुरतं ‘फायनल डे’ हेच आहे. १९८० चं ब्रिटन. अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रं देशात ठेवायचं ठरलेलं, आणि अणुहल्ला झाला तर घरातल्या घरात काय करावं याची पुस्तिका सरकारनं छापलेली. त्या काळात जगाच्या शेवटच्या दिवसावर दोन मिनिटांहूनही छोटं गाणं, मागे सुरुवातीपासून चाललेला एक बारीक, तीक्ष्ण सूर, आणि अ‍ॅलिसन आवाज न चढवता गाते. तिनं आक्रोश केला असता तर ते गाणं घोषणा झालं असतं. ती शांत राहते, म्हणून अंगावर काटा येतो. भीती अशीही गाता येते, हे मला या बँडनं दाखवलं.

आणि गाणी कच्ची होती असं अजूनही वाटत असेल, तर होल या बँडनं १९९४ च्या ‘लिव्ह थ्रू धिस’वर घेतलेलं त्यांचं ‘क्रेडिट इन द स्ट्रेट वर्ल्ड’ ऐकावं. होलची गायिका कोर्टनी लव्हचा चिरका आवाज, खरखरत्या गिटारी, धडाडते ड्रम. मूळ गाण्यात यातलं काहीच नव्हतं, तरी चाल एवढं सगळं ओझं पेलते.